‘कट्यार’ घुसली, ‘मानापमान’ का अडखळलं?

१० जानेवारी २०२५ ला ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आलं, तेव्हा ठाण्यात आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात प्रश्न एकच होता: ‘कट्यारसारखं आहे का?’ प्रश्न वावगा नव्हता. दिग्दर्शक तेच, सुबोध भावे. संगीतकार तेच, शंकर-एहसान-लॉय. मूळ नाटक तर ‘कट्यार’हून छप्पन्न वर्षांनी जुनं आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात जास्तच वजनाचं. तरीही चित्रपटाचं स्वागत संमिश्र झालं. भव्यतेला आणि गाण्यांना लोकांनी दाद दिली, कथा रेंगाळते म्हणून कुरकूरही केली, आणि २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ला जी गर्दी लोटली होती ती काही पुन्हा लोटली नाही. हे असं का झालं, याचं उत्तर या दोन चित्रपटांपेक्षा त्यांच्या मागच्या नाटकांत जास्त सापडतं.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाची घडण आधी पाहायला हवी. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात आलं. त्यात दोनशेहून जास्त पदं होती. तेव्हाचे प्रयोग रात्रभर चालायचे, आणि ते लांबण्याला लेखकाइतकाच प्रेक्षक जबाबदार होता. पद आवडलं की ‘वन्स मोअर’, पुन्हा आवडलं की पुन्हा ‘वन्स मोअर’. दुष्यंत शकुंतलेला काय म्हणाला याची घाई कुणालाच नसे. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पद सुरू झालं की कथानकानं बाजूला सरकून उभं राहायचं, हा अलिखित करार होता. पेटीवाला, तबलजी, नट आणि पिटातला प्रेक्षक हे चौघं तो पाळत.

‘मानापमान’ या करारातलं सर्वांत देखणं नाटक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलेलं, गोविंदराव टेंब्यांनी चाली दिलेलं, १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर नाटक मंडळीनं पहिल्यांदा केलेलं. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही आठवण मराठी घरांत अजून सांगितली जाते. गोष्ट मात्र, खाडिलकरांची माफी मागून म्हणतो, बेताचीच आहे. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, मग वनमाला बनून त्याच्या जवळ जाते, आणि व्हायचं ते होतं. लोक यायचे ते भामिनीच्या गळ्यासाठी.

याचा सर्वांत मोठा पुरावा ८ जुलै १९२१ चा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटांचे भाव त्या काळाच्या मानानं डोळे पांढरे करणारे होते आणि तरी थिएटर भरलं. त्या रात्रीच्या प्रेक्षकाला भामिनी आणि धैर्यधराचं लग्न होतं की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला दोन गळ्यांची गाठ पडलेली ऐकायची होती. म्हणजे ‘मानापमान’चा सर्वांत गाजलेला प्रयोग, थोडं धाडसानं बोलायचं तर, खाडिलकरांच्या गोष्टीचा नव्हताच. दोन गवयांच्या सामन्याचा होता. हे लक्षात ठेवावं, पुढे ‘कट्यार’पाशी उपयोगी पडेल.

मग बोलपट आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव टेंबेच, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे. रंगभूमीची माणसं पडद्यावर गेली, नाटकाची थिएटरं सिनेमाला लागली आणि कंपन्या एकेक करून बुडाल्या. बालगंधर्वही गेले. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते संत एकनाथ झाले आणि १९३७ मध्ये ‘अमृतसिद्धी’ या नाटकावरच्या ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेषात दिसले. दोन्हींनी त्यांना हात दिला नाही. नाटकात दहाव्या रांगेतून जी भामिनी विशीची वाटायची, तिच्या जागी कॅमेऱ्यानं पन्नाशीकडे झुकलेला पुरुष जवळून दाखवला. आणि दुसरं म्हणजे, पडद्याला ‘वन्स मोअर’ देता येत नाही. रिळ पुढे सरकतं.

‘कट्यार’ मुळातच या मोडलेल्या संसारानंतरचं नाटक. तोवर पं. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त नाट्यपद आटोपशीर केलं होतं, रात्र जागवणारा प्रेक्षक राहिला नव्हता, शेवटची लोकल पकडणारा होता. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी नाटक आणि पदं लिहिली, संगीत अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. २४ डिसेंबर १९६७ ला ते रंगमंचावर आलं. विश्रामपूर संस्थानातल्या राजगायकाच्या पदासाठी दोन गवयांची स्पर्धा. जिंकणाऱ्याला हवेली आणि एक कट्यार, जिच्यावर एक खून माफ. पंडितजी म्हणून भार्गवराम आचरेकर, त्यांचा शिष्य सदाशिव म्हणून प्रसाद सावकार, खाँसाहेबांची मुलगी झरीना म्हणून फैयाज. आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून वसंतराव देशपांडे, ज्यांच्या उमेदीची वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करण्यात गेली होती.

‘घेई छंद मकरंद’ नाटकात दोन वेळा येतं, दोन चालींत. एक पंडितजींच्या घराण्याची, धानीतली, संथ आणि समाधानी. दुसरी खाँसाहेबांची, सालगवराळीतली, ताना फेकत अंगावर येणारी. शब्द तेच. भुंगा तोच, कमळ तेच. पण पहिली चाल ऐकताना एक माणूस दिसतो आणि दुसरी ऐकताना दुसराच. दोन घराण्यांतलं भांडण काय आहे हे सांगायला दारव्हेकरांना संवाद लिहावाच लागला नाही. सदाशिव चोरून ऐकतो तेही गाणंच, खाँसाहेब घराबाहेरच्याला द्यायला तयार नाहीत तेही गाणंच. इथे पद काढलं तर नाटकच उरत नाही. ‘मानापमान’मधून पदं काढली तर एक बरं प्रहसन उरतं.

म्हणून ‘कट्यार’ चित्रपटाला मानवलं. १२ नोव्हेंबर २०१५, दिवाळीचा पाडवा. त्याच दिवशी सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’ आणि मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई २’. अशा गर्दीत शास्त्रीय गाण्यावरचा मराठी सिनेमा चिरडला जाईल असं बऱ्याच जाणकारांना वाटलं होतं, मलाही. तो त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत जाऊन बसला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याला घेऊन गेलो होतो. तिनं वसंतरावांना समोर बसून ऐकलेलं. मॉलमधल्या त्या थंडगार हॉलमध्ये ती शाल घेऊन बसली आणि मध्यंतरापर्यंत तिच्या तोंडून चकार शब्द नाही. पुढे ‘सुरत पिया की’ची जुगलबंदी सुरू झाली. ती संपता संपता मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या आवाजानं ‘वन्स मोअर!’ दिला. सगळा हॉल हसला, आणि हसता हसताच टाळ्या वाजवू लागला. पॉपकॉर्नवाली कॉलेजची पोरंसुद्धा. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “गाणं राहुलचं, तोंड सचिनचं. चाललं बाई, पण राहुललाच का नाही उभा केला?”

ही तक्रार तिची एकटीची नव्हती. २०१० मध्ये भाव्यांनीच नाटक पुन्हा उभं केलं, तेव्हा वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होता आणि अभिषेकींचा शिष्य महेश काळे सदाशिव. गाणारा तोच आणि बोलणारा तोच, ही संगीत नाटकाची जुनी अट त्यात पाळलेली होती. चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगांवकर, सदाशिव स्वतः सुबोध भावे, आणि गळे मात्र राहुल-महेशचे. पंडितजींच्या भूमिकेतले शंकर महादेवन तेवढे स्वतःचं स्वतः गायले. नाटकवाल्या प्रेक्षकाला ही फसवणूक वाटली. सिनेमावाल्याला प्रश्नच पडला नाही. पार्श्वगायनावरच तो वाढला आहे. माझं मत विचाराल तर सचिनच्या डोळ्यांतली असूया जवळून दिसली नसती, तर खाँसाहेबांचा अर्धा भाग हरवला असता. पण आत्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. नाटकातला खाँसाहेब अहंकारी आहे, पण खलनायक नाही. त्याची शोकांतिका विद्या कोंडून ठेवण्याची आहे. चित्रपटात पंडितजींचा आवाज घालवणारा शेंदूर, कारस्थान, सूड हे सगळं डोळ्यांदेखत घडतं आणि त्याची सावली त्याच्यावर पडते. पंडित चांगला आणि खाँ वाईट, अशी ढोबळ विभागणी होते की काय, असं काहींनी विचारलं. मला तो आक्षेप पूर्ण पटत नाही, पण सोडूनही देता येत नाही. गाण्यातून कळणारं भांडण विषाच्या वाटीतून सांगावंसं वाटलं, तिथे नाटक थोडं हरलं एवढं खरं.

पुरस्कारांनी मात्र नाटकाच्या गळ्यालाच मान दिला. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे राहुल देशपांडेलाही तोच मिळाला, ‘मी वसंतराव’साठी, म्हणजे आजोबांवरच्या चित्रपटासाठी. २०१० च्या रंगमंचावरचे सदाशिव आणि खाँसाहेब असे दोघंही पार्श्वगायनाच्या यादीत जाऊन बसले.

हे सगळं गाठीशी घेऊन भावे ‘मानापमान’कडे वळले. राहुल, महेश आणि शंकर महादेवन ‘वंदन हो’त एकत्र गायले तेव्हा अपेक्षा आभाळाला टेकल्या. पण इथे प्रत्येक गाण्याला गोष्ट थांबते. १९११ साली ती थांबावी म्हणूनच लोक तिकीट काढायचे. २०२५ चा प्रेक्षक हातात मोबाइल घेऊन बसलेला असतो, गाणं आधीच दहा वेळा ऐकून आलेला असतो, आणि पडद्यावर पुढे काय होतंय ते त्याला हवं असतं.

ठाण्याचा प्रेक्षक या दोन्हींत मोडतो. तलावपाळीच्या काठावर गडकऱ्यांच्या नावाचं रंगायतन, मानपाड्याला घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह, खाडी ओलांडली की वाशीला विष्णुदास भाव्यांचं. नाटककार, नट आणि आद्य नाटककार असे तिघं तासाभराच्या अंतरात. आणि दिवाळीच्या पहाटे याच गावात नव्या कपड्यांतली तरुण पोरं राम मारुती रोडवर गर्दी करतात, त्यांचे आईवडील जवळच कुठेतरी नाट्यसंगीताच्या मैफलीला बसलेले असतात.

अशाच एका दिवाळी पहाटेला मी फर्माइशींच्या चिठ्ठ्या गोळा करून गायकाकडे पोचवायच्या कामावर होतो. एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘सूर निरागस हो, नाटक: कट्यार काळजात घुसली, १९६७.’ गाणं चित्रपटासाठी नव्यानं केलेलं, नाटकाशी त्याचा संबंध नाही. मी ते गायकाला हळूच सांगितलं. त्यानं चिठ्ठी वाचली, पेटीवाल्याला सूर दिला आणि गायला सुरुवात केली. संपल्यावर पहिल्या रांगेतून ‘वन्स मोअर’ आला आणि त्यानं ते पुन्हा गायलं.