वहीतलं आणि हातातलं

सांगलीतल्या एखाद्या हळद व्यापाऱ्याला विचारा, "तुमच्याकडं नॉलेज मॅनेजमेंट आहे का?" बहुधा तो कॉम्प्युटरकडं बोट दाखवेल. सॉफ्टवेअर घेतलंय, सगळा डेटा आत आहे. पण ते झालं माहितीचं व्यवस्थापन. ज्ञानाचं व्यवस्थापन निराळं, आणि धंद्याची पुढची दिशा ठरवताना घोळ इथंच होतो.

माहिती म्हणजे कुणाची किती पोती आली, काय भावानं गेली, कुणाकडं किती उधारी. ती लिहिता येते आणि कालच कामाला लागलेला पोरगाही ती शोधून देतो.

ज्ञानाचं तसं नाही. मी एका अडत दुकानात हिशेबाला होतो. तिथले दिवाणजी पोत्यात हात घालून एक हळकुंड काढायचे आणि कट्‌कन मोडायचे. आवाज खणखणीत आला तर माल नीट वाळलाय, दबका आला तर आत ओल आहे. मग मोडलेलं तोंड उजेडात धरून गाभ्याचा रंग बघायचे. करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती ते प्रयोगशाळा सांगते, पण सौदा चालू असताना रिपोर्टची वाट कोण बघणार? दिवाणजींनी काम सोडलं आणि त्याच वर्षी मालकांनी स्वतःची हळद पावडर काढायचं ठरवलं. दहा वर्षांचे भाव कॉम्प्युटरमध्ये होते, लॉट ओळखणारा हात नव्हता. ओला माल गळ्यात पडला, पोत्यांना बुरशी लागली. मला आजही हळहळ वाटते. दोन हंगाम एक पोरगा दिवाणजींच्या शेजारी उभा केला असता तर हे टळलं असतं.

जपानचे व्यवस्थापन अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी हेच मांडलं: अंगात मुरलेलं ज्ञान आधी सोबत राहून उतरतं, शब्द नंतर सापडतात. 1980च्या दशकात मात्सुशिता कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनला कणीक नीट मळता येत नव्हती. इकुको तानाका ही तिथली सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकली. कणीक ताणताना तो पीळही देतो, हे तिच्या लक्षात आलं. त्यावरून यंत्र बदललं आणि 1987 मध्ये बाजारात आलं.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर पावडर विकायची, निर्यात करायची, तर आधी बघावं लागेल की आपल्या दुकानात हळकुंड मोडून माल ओळखणारे किती जण उरलेत आणि त्यांच्या शेजारी कोण उभं आहे. एका ओळखीच्या दुकानात आता मोडलेल्या हळकुंडांच्या बरण्या ठेवल्यात. प्रत्येकीवर जाणत्याच्या तोंडचा शेरा चिकटवलाय: घ्यायची की नाही, आणि का.