व्यवसायोपचार सहायकाचे प्रशिक्षण: दोन हजार तासांच्या अटीमागचा इतिहास

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात बारावीनंतर व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजार किंवा अपघातानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचा उपचार) सहायक होण्याचा मार्ग शोधणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे वेगवेगळे सल्ले मिळतात आणि त्यांपैकी कोणता कायद्याच्या कसोटीला उतरेल, हे सांगणारे मात्र सहसा कोणी भेटत नाही. हा गोंधळ अलीकडचा वाटत असला तरी त्याची मुळे जुनी आहेत. व्यवसायोपचारतज्ज्ञाचे शिक्षण आपल्याकडे लवकर सुरू झाले. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याचे शिक्षण मात्र प्रत्येक टप्प्यावर नंतर ठरवायचे म्हणून बाजूला राहिले.

पदवीधरांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आकाराला आलेली ही शाखा भारतात १९५० मध्ये परळच्या महापालिका रुग्णालयात सुरू झालेल्या विद्यालयामुळे रुजली. त्याची उभारणी करणाऱ्या बाई जन्माने अमेरिकन होत्या, लग्नानंतर मराठी घरात आल्या होत्या आणि चाळिशी उलटल्यावर त्यांनी स्वतः हे शिक्षण घेतले होते. त्यांच्या कुटुंबाचा पुढे फलटणशी घट्ट संबंध आला आणि तेथील एका शाळेला आज त्यांचे नाव आहे. साताऱ्यात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. त्यानंतर नागपूरला शिक्षणाची सोय झाली. तरीही पहिली कित्येक दशके कृष्णाकाठच्या मुलामुलींना या शिक्षणासाठी मुंबई किंवा नागपूर गाठावे लागले आणि शिकलेल्यांपैकी जिल्ह्यात परतणारे थोडेच होते.

तज्ज्ञ नव्हते म्हणून काम थांबले नाही. मिरजेत १८९४ पासून मिशनचे रुग्णालय आहे, शेजारच्या कर्नाटकातूनही तेथे रुग्ण येत राहिले आणि वैद्यकीय सेवेवर जगणारे गाव म्हणून मिरजेची ओळख पक्की झाली. अशा गावांत डॉक्टरच्या खालोखाल कंपाउंडर, ड्रेसर, आया आणि वॉर्डबॉय यांची एक फळी तयार होते, जी कामातूनच काम शिकते. पक्षाघाताच्या रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवणे, लुळा हात उशीवर नीट ठेवणे, सदऱ्याची बाही आधी दुखऱ्या हातात घालायला शिकवणे, ही कामे व्यवसायोपचाराच्या पाठ्यपुस्तकात पुढे आली असली तरी असंख्य वॉर्डांत ती याच मंडळींनी केली.

सहायकाला पद्धतशीर शिकवण्याचा आपल्याकडचा खरा धडा कुष्ठरोगाच्या कामातून मिळतो. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि बधिर, वाकड्या झालेल्या बोटांची निगा राखण्यासाठी पदवीधर पुरणार नाहीत, हे लवकरच स्पष्ट झाले. त्यामुळे मर्यादित कामांत पक्के तयार केलेले तंत्रज्ञ घडवण्यात आले. मेणाचा शेक, तेल लावून बोटे सरळ करणे, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बांधणे, गरम तव्याची जाणीव न होणाऱ्या हाताला जाड मुठीचा उलथना देणे, एवढ्यावर त्यांचा भर असे आणि ते त्यात वाकबगार होत. २००५ च्या अखेरीस दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य देशपातळीवर गाठल्याचे जाहीर झाले. तोवर या रोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होऊ लागली होती. त्या ओघात हे कौशल्य पुढच्या पिढीला देणारी व्यवस्थाही सैल झाली. थोड्या मुदतीचे, पण काटेकोर सीमा आखलेले प्रशिक्षण यशस्वी होते, हा त्या कामाचा अनुभव पुढे नियम करताना कोणी फारसा विचारात घेतला, असे दिसत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोडवला गेला. मनोरुग्णालयांत तज्ज्ञांची चणचण होती, म्हणून प्रमाणित सहायक ही स्वतंत्र पायरी मान्य करण्यात आली. पुढे तिचे शिक्षण दोन वर्षांच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावले आणि आज त्यात सोळा आठवड्यांचे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम बंधनकारक आहे. रुग्णाचे मूल्यमापन आणि उपचाराची आखणी तज्ज्ञाने करायची आणि ठरलेली आखणी सहायकाने राबवायची, ही विभागणी तेथे नियमांत लिहिलेली आहे.

आपल्याकडे अशी रेषा आखण्याऐवजी एकामागून एक कायदे आले आणि प्रत्येकाने सहायकाला दुसऱ्याच्या दारात उभे केले. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने पुनर्वसन क्षेत्रातील अनेक व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली. त्यात बहुउद्देशीय पुनर्वसन उपचारक आणि तंत्रज्ञ आले, पण व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आले नाहीत. तज्ज्ञांसाठी महाराष्ट्राने २००२ चा स्वतंत्र परिषद कायदा केला. परिणामी हाताखालचा माणूस दिल्लीच्या एका छताखाली आणि त्याला काम सांगणारा राज्याच्या दुसऱ्या छताखाली, अशी विचित्र रचना झाली. जो यांपैकी कोणत्याच नावात बसत नव्हता, तो वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या पगारपत्रकावर ‘मदतनीस’ म्हणून राहिला.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हा गुंता सुटेल, अशी अपेक्षा होती. या कायद्याने दोन पातळ्या ठरवल्या. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत, सत्रांमध्ये विभागलेले, किमान २,००० तासांचे पदविका किंवा पदवी शिक्षण आवश्यक आहे. इतरांनी सुचवलेला उपचार तांत्रिक आणि व्यावहारिक कामांतून पार पाडण्यास साहाय्य करणारा, हे दुसऱ्या पातळीचे वर्णन सहायकाला अगदी लागू पडते. परंतु कायद्याला जोडलेल्या व्यवसायांच्या यादीत, म्हणजे अनुसूचीत, व्यवसायोपचाराच्या गटात तज्ज्ञाचाच उल्लेख आहे. मानसिक आरोग्यातील साहाय्यक कार्यकर्त्याला त्याच अनुसूचीत जागा मिळाली. चमचा धरायला शिकवणाऱ्याला मिळाली नाही.

वादाचा मुद्दा तासांचा आहे. आठवड्याला ३६ तास शिकवले तरी २,००० तास साधारण छप्पन्न आठवड्यांत पुरे होतात, म्हणजे अट केवळ तासांची असती तर सुमारे तेरा महिन्यांत भागले असते. कायद्याला मात्र किमान दोन वर्षे हवी आहेत. या अटीचे समर्थक म्हणतात की सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा हाताळू देणे धोक्याचे आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. लुळा खांदा चुकीच्या रीतीने ओढला तर तो सांध्यातून निसटू शकतो आणि पुढे कित्येक महिने दुखत राहतो. विरोधकांचा युक्तिवाद पैशांचा आणि अंतराचा आहे. जत किंवा माण तालुक्यातील कुटुंबाला मुलीला दोन वर्षे बाहेरगावी ठेवणे परवडत नाही आणि शेवटी मिळणारा पगार त्या खर्चाच्या प्रमाणात नसतो. माझ्या मते अट योग्य आहे, मात्र ती घालताना जिल्ह्याच्या पातळीवर दोन वर्षांची पदविका कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली चालेल, याची तजवीज आधी व्हायला हवी होती. तशी ती न झाल्याने मधली जागा कौशल्य विकास योजनेतील ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या प्रशिक्षणाने भरली. त्यात रुग्णाची सर्वसाधारण सुश्रूषा शिकवली जाते, व्यवसायोपचार नव्हे, पण नोकरी देणाऱ्यांना हा फरक अनेकदा सोयीने दिसत नाही.

हा फरक किती मोठा आहे, हे आपल्या भागातील कामांवरून कळते. कडबाकुट्टी यंत्रात बोटे गेलेला शेतकरी, तासगावच्या द्राक्षबागेत छाटणीची कात्री पुन्हा धरू पाहणारा मजूर, मिरजेत तंबोऱ्याच्या तारा जुळवणारा आणि पक्षाघातानंतर बोटांची नाजूक हालचाल गमावलेला कारागीर, या तिघांना एकच व्यायाम देऊन भागत नाही. कात्रीला स्प्रिंग जोर लावून दाबण्याची पकड लागते, तारेला चिमटीची. सहायकाने हे ओळखून तज्ज्ञाला सांगायचे असते, त्याने दिलेला क्रम रोज करून घ्यायचा असतो, साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा हातावर बसवताना कातडी भाजू द्यायची नसते आणि दुसऱ्या दिवशी लाल डाग दिसला तर स्प्लिंट काढून ठेवायचे असते. वर्गात हे सांगता येते, पण अंगवळणी पडायला रुग्ण समोर असावा लागतो.

मनोरुग्णालयांच्या बाबतीत आणखी एक बदल लक्षात घ्यावा लागतो. दोन्ही जिल्ह्यांतील रुग्ण पूर्वापार येरवडा किंवा रत्नागिरीला पाठवले जात आणि अशा संस्थांत विणकाम, सुतारकाम यांना उपचाराचे स्थान होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाकडून सक्तीने काम करून घेण्यास मनाई केली आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला देणे आवश्यक ठरवले. त्यामुळे उपचार म्हणून दिलेले काम आणि संस्थेच्या सोयीचे काम यांतील सीमा सहायकालाही समजली पाहिजे, आणि हा भाग जुन्या पठडीतील अल्पमुदतीच्या वर्गांत बसणारा नव्हता.

आता प्रश्न उरतो तो देखरेखीचा. दोन वर्षांची पदविका जिल्ह्यात सुरू करायची तर प्रत्यक्ष कामाच्या काळात विद्यार्थ्याशेजारी उभा राहणारा पदवीधर व्यवसायोपचारतज्ज्ञ लागतो, आणि १९५० पासून मोठ्या शहरांतच साठत गेलेली हीच माणसे सातारा-सांगलीत सर्वांत दुर्मीळ आहेत. भौतिकोपचारतज्ज्ञाला ही देखरेख सोपवावी का, यावर दोन्ही व्यवसायांत एकमत नाही. तो निर्णय होईपर्यंत पदविकेची जाहिरात पाहणाऱ्या पालकांनी शुल्काच्या आधी प्रत्यक्ष कामाचे तास किती, ते कोणत्या रुग्णालयात आणि त्या तासांवर सही कोणाची, हे विचारून घ्यावे.