छंद

छंद म्हणजे पद्यातील लयीचे बंधन. अक्षरांची संख्या, मात्रा किंवा लघुगुरूंचा क्रम ठरावीक अंतराने परत येतो आणि कानाला चाल जाणवते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. घरात छंद म्हणजे नाद, शाळेत व्याकरणाच्या तासाला कवितेचे माप. आणि बाजारात कन्नड बोलणारा दुकानदार साडी उलगडून ‘भाळ छंद ऐती’ म्हणतो तेव्हा, सुंदर. कन्नडमधला हा ‘चंद’ वा ‘छंद’ संस्कृत शब्दाचाच तद्भव मानला जातो.

व्युत्पत्ती दोन सांगतात. यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात ‘छन्दांसि छादनात्’ असे आहे: झाकतो तो छंद. छांदोग्य उपनिषदात तर मृत्यूला भ्यालेल्या देवांनी छंद पांघरल्याची कथाच आहे. दुसरी व्युत्पत्ती रिझवणे, आवडणे या अर्थाच्या ‘छन्द्’ धातूकडे जाते. कथा म्हणून पहिली सरस. पण मराठीतला नाद आणि कन्नडमधले सौंदर्य हे दोन्ही अर्थ दुसरीलाच जवळचे. पाणिनीच्या सूत्रांत ‘छन्दसि’ म्हणजे वेदभाषेत. छंदःशास्त्र हे सहा वेदांगांपैकी एक असून पिंगलाचे छंदःसूत्र त्याचा आधारग्रंथ होय.

मराठीत पुढे हा शब्द आखडला. गणांनी, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या ठरावीक लघुगुरू गटांनी, बांधलेले ते अक्षरगणवृत्त, मात्रांचे ते मात्रावृत्त किंवा जाती, आणि ऱ्हस्वदीर्घ न पाहता केवळ अक्षरे मोजायची तो छंद. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ व ४ अक्षरांचे. इथे गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबते. कवी आणि छंदःशास्त्राचे अभ्यासक माधव जूलियन यांनी छंदाला ‘लगत्वभेदातीत’, म्हणजे लघुगुरूंचा भेद न मानणारा, म्हटले ते यामुळेच.

कन्नडमध्ये तसा संकोच झाला नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या नागवर्म्याने ‘छंदोंबुधि’ हा कन्नड छंदांवरचा ग्रंथ रचला. त्यात संस्कृत वृत्तांबरोबर ब्रह्म, विष्णू, रुद्र नावाच्या अंशगणांवर, म्हणजे लवचीक लांबीच्या अक्षरगटांवर, चालणारे देशी प्रकारही आहेत. त्यांतली त्रिपदी जात्यावर गायली जाते आणि तिचीही अक्षरे गळ्याप्रमाणे लांबतात, आपल्या ओवीसारखीच. यमकाचे मात्र जुळत नाही. मराठी कान ते चरणाच्या शेवटी शोधतो, तर जुन्या कन्नड काव्यात प्रास, म्हणजे तिथले यमक, साधतो तो प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षराशी.