बी१६ पेशींसमोर टी-पेशी गप्प का राहतात? पेप्टाइड परत पाठवण्याआधी वाचा

'पेप्टाइड खराब निघालं, बदलून द्या' असे फोन आम्हाला नेहमी येतात. तक्रार बहुधा टीआरपी-२ १८०-१८८ ची, म्हणजे टीआरपी-२ या रंगपेशींतल्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्याची असते. उंदराला लस दिली, प्लीहेतल्या टी-पेशी बी१६-एफ१० या उंदराच्या मेलानोमा (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींसोबत ठेवल्या, पण इलिस्पॉटमध्ये, म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा सोडणारी प्रत्येक टी-पेशी ठिपक्याने दाखवणाऱ्या चाचणीत, ठिपकेच नाहीत. अशा वेळी आधी बी१६ पेशी तपासा.

बी१६ ही गाठ १९५४ मध्ये सी५७बीएल/६ उंदरात आपोआप उद्भवली. तिच्यात टीआरपी-२ आणि जीपी१०० ही दोन्ही प्रथिनं असतात. पण त्यांचे तुकडे पृष्ठभागावर मांडायला एमएचसी क्लास-१ हे प्रथिन लागतं, आणि साध्या कल्चरमधल्या बी१६वर ते फारच कमी असतं. तुकडे पेशीच्या आत एमएचसीपर्यंत वाहून नेणारी टॅप यंत्रणाही मंदावलेली असते. त्यामुळे प्रतिजन (टी-पेशीने ओळखायचं प्रथिन) असूनही टी-पेशीला दिसत नाही.

उपाय सोपा आहे. पेशींना २४ ते ४८ तास इंटरफेरॉन-गॅमा द्या आणि फ्लो सायटोमेट्रीवर एच-२केबी (या उंदरांतलं एक एमएचसी क्लास-१) वाढल्याची खात्री करा. इंटरफेरॉन उंदराचाच घ्या, माणसाचा या पेशींवर चालत नाही. टी-पेशी घालण्याआधी पेशी नीट धुवा. तुम्ही मोजणार तोच इंटरफेरॉन-गॅमा, मग बाहेरून घातलेला उरला तर आकडे फसवे येतात.

सोबत ईएल४ (त्याच जातीच्या उंदराच्या लिम्फोमाच्या) पेशींवर पेप्टाइड लावलेला कंट्रोल ठेवाच. तिथे ठिपके आले तर कुपी चांगली आहे. बदली देण्याआधी आम्ही याच कंट्रोलचा निकाल मागतो. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, पण नव्या कुपीपायी तुमचे उंदीर आणि आठवडे पुन्हा वाया जावेत हे आम्हाला पटत नाही. प्रत्येक लॉटचा एचपीएलसी (शुद्धतेचा) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानाचा) रिपोर्ट आम्ही देतोच.

टीआरपी-२ हे उंदराचं स्वतःचंच प्रथिन आहे, त्यामुळे उंदराला परक्या असलेल्या, अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनइतका जोरदार प्रतिसाद अपेक्षू नका. हे पेप्टाइड पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, मग बफर घाला.

जीपी१०० २५-३३ मागवताना माणसाचं की उंदराचं, ते स्पष्ट लिहा. पहिली तीन अमिनो आम्लं वेगळी आहेत: एकाक्षरी खुणांत माणसात केव्हीपी, उंदरात ईजीएस. माणसाचं एच-२डीबीला (उंदरातल्या दुसऱ्या एमएचसी क्लास-१ला) जास्त घट्ट बसतं, म्हणून लशीसाठी ते घ्या. उंदराच्या गाठीवरचा प्रतिसाद तपासायला मात्र उंदराचंच हवं. दोन्ही आमच्याकडे छोट्या कुप्यांत मिळतात. ऑर्डरमध्ये उंदराची जात आणि चाचणीचं नाव लिहिलंत, तर काय जुळणार नाही ते आम्ही पाठवण्याआधीच सांगतो.