स्वल्पविराम श्वासासाठी नसतो

‘वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो, तिथे स्वल्पविराम द्या.’ हा नियम पिढ्यानपिढ्या वर्गात सांगितला जातो. तो चुकीचा आहे आणि मुलांच्या लेखनाचं त्याने खरंच नुकसान होतं.

गैरसमजाला नावच खतपाणी घालतं: स्वल्पविराम, म्हणजे थोडं थांबणं. मुळात खुणा थांबण्यासाठीच होत्या. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियात अ‍ॅरिस्टोफेनीस या ग्रंथपालाने मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी तीन उंचींवर ठिपके देण्याची पद्धत काढली. पण आज आपण बहुतेक मनातल्या मनात वाचतो. आता ही खूण वाक्याची रचना दाखवते.

हे पाहा. ‘सुमन ताई आली.’ इथे आलेली व्यक्ती सुमनताई. ‘सुमन, ताई आली.’ इथे सुमनला कुणीतरी सांगतंय की ताई आली. तीन शब्दांत दम कुणाला लागतो? तरी अर्थ पार बदलला.

उलट, ‘शेजारच्या घरातली ती लहानशी मुलगी, धावत आली’ असं मुलं हमखास लिहितात. दम लागला म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात खूण पडते, आणि वाक्य उगाच तुटतं. वहीत नुसती लाल रेघ मारून हे सुटत नाही. ‘कोण आली?’ एवढंच विचारा. उत्तर सलग येतं, तेव्हा मूल स्वतःच ती खूण खोडतं.

गोष्ट लिहिताना मात्र पहिल्या खर्ड्यात विरामचिन्हांसाठी टोकू नका. ती दुसऱ्या वाचनात बघावीत.