फिश टँकला वास येतोय? आधी फिल्टर नळाखाली धुवायचं थांबवा

टँकला वास यायला लागला की बहुतेक घरांत एकच कार्यक्रम होतो. रविवारी सकाळी मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडे घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळायचा, आणि दुपारपर्यंत टँक एकदम नव्यासारखा. मग चार-पाच दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात आणि वास परत हजर. "एवढं धुतलं तरी वास मारालाय की" हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जा, ज्याच्या घरी टँक आहे त्याच्या तोंडून ऐकायला मिळतंच. माझं म्हणणं असं की एवढं धुतलं म्हणूनच वास येतोय.

कारण टँक स्वच्छ आपण ठेवतच नाही, ते काम बॅक्टेरिया करतात. मासा आपला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो, म्हणजे तो श्वास घेतोय तोवर पाणी घाण होतच राहणार. त्यात उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं, या सगळ्यातून आणखी अमोनिया. हा अमोनिया काही बॅक्टेरिया नायट्राइटमध्ये बदलतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विष आहेत, नायट्राइट तर रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच काढून घेतं, रक्त चक्क तपकिरी पडतं. नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे दोन टप्प्यांचं काम दाखवून दिलं, आणि सव्वाशे वर्षं सगळे असंच धरून चालले होते की एकच बॅक्टेरिया दोन्ही टप्पे करत नाही. २०१५ मध्ये मात्र नायट्रोस्पिरा जातीचे असे बॅक्टेरिया सापडले जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटेच करतात, आणि त्यातले काही सापडले ते मासे वाढवायच्या टाकीच्या फिल्टरमधल्या चिकट थरात! म्हणजे आपण बुळबुळीत म्हणून जे घासून काढतो, त्यातच.

हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत, स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. आणि वाढतात फार हळू. पोटातले साधे बॅक्टेरिया सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना जवळपास अख्खा दिवस लागतो, म्हणून नवा टँक बसायला चार ते सहा आठवडे जातात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला की हेच मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कुजणारं खाऊन भराभर वाढणारे दुसरे बॅक्टेरिया घुसतात. ते दुधाळ पाणी म्हणजे तेच. तेव्हा स्पंज धुवायचाच, पण टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-चारदा दाबून, आणि तो तपकिरीच राहू द्यायचा.

आता वासाकडे या, कारण सगळे वास सारखे नसतात आणि प्रत्येक वास वेगळी गोष्ट सांगतो.

चांगल्या टँकला वास नसतो असं नाही. झाकण उघडल्यावर हलका मातीचा वास येतो. एप्रिल-मे मध्ये वळवाचा पहिला पाऊस पडला की अंगणातून जो वास उठतो त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रेणूचा असतो, मातीतले काही बॅक्टेरिया तो बनवतात, आणि टँकमध्ये पण तोच बनतो. आपलं नाक या रेणूच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे, लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. त्यामुळे हा वास हलका असेल तर बिनधास्त रहा. तो वाढला आणि खड्यांवर निळसर हिरवी, सालीसारखी सोलून निघणारी चादर दिसली तर ते सायनोबॅक्टेरिया. ती चादर पाईपने ओढून काढा, खाद्य कमी करा, पाणी जास्त खेळतं ठेवा, आणि टँकवर थेट ऊन येत असेल तर टँकची जागा बदला.

सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र सावध व्हायचं. तो हायड्रोजन सल्फाइड. खडे तीन-चार इंच जाड घातले आणि मध्ये खाद्य मुरत राहिलं की खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे बॅक्टेरिया पाण्यातल्या सल्फेटवर काम करून हा वायू सोडतात. काचेतून बघा, खाली काळे डाग दिसतील. अशा वेळी सगळे खडे एकदम उकरायचे नाहीत, साठलेला वायू एकदम पाण्यात सुटला तर मासे मरू शकतात. एका आठवड्यात एक कोपरा, असं करत सायफनने ओढायचं. आणि पुढच्या वेळी खडे एक-दोन इंचच.

कुजका, मासळी बाजारासारखा वास असेल तर पहिल्यांदा मासे मोजा. दगडामागे, फिल्टरमागे एखादा मेलेला असतोच. गोगलगाय मेली असेल तर एवढाशा जिवाचा वास अख्ख्या खोलीभर होतो.

पण खरी गोम पुढे आहे. जो अमोनिया मासे मारतो, तो तेवढ्या प्रमाणात आपल्या नाकाला कळतच नाही. नाकाला कळेल एवढा झाला तर मासे कधीच गेलेले असतात. म्हणून वास नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घरात पाहिजेच, मी तर म्हणेन शोभेचा किल्ला आणि प्लास्टिकची झाडं नंतर घ्या, किट आधी घ्या.

साधा हिशोब करून बघा. दोन फुटी टँकमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी मावतं. खाद्यात ४० टक्के प्रथिनं धरा, प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. ते खाद्य कुणी न खाता कुजलं आणि बॅक्टेरिया हजर नसले तर लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमहून जास्त अमोनियाचा नायट्रोजन झाला, एका ग्रॅममध्ये! हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं खरं विषारी रूप किती हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्क्याच्या आत, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास.

आणि इथे आपल्या भागात गंमत आहे. बेळगाव, खानापूर बाजूला जांभा दगड, त्या विहिरींचं पाणी साधारणपणे मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. अथणी, रायबाग, चिकोडीकडे काळी माती आणि खाली बेसॉल्ट, तिथलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड आणि पीएच वर. म्हणजे तेच खाद्य, तेवढेच मासे, पण अथणीच्या टँकमध्ये सांडलेलं खाद्य जास्त धोक्याचं. खानापूरच्या मऊ पाण्याचं दुखणं वेगळं, बॅक्टेरिया काम करताना पाण्यातली पीएच सावरून धरणारी क्षारता खाऊन टाकतात, महिनोन्महिने पाणी बदललं नाही तर पीएच घसरत जातो आणि शेवटी बॅक्टेरियाच थंड पडतात. दोन्हीकडे उपाय तोच, दर आठवड्याला दहा-बारा लिटर, म्हणजे एक बादली पाणी तळातून सायफनने काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. जड पाण्याने काचेवर पांढरी खपली धरते, ती टँकच्या बाहेर आणि कडेला लिंबाच्या फोडीने निघते, साबण अजिबात नको.

राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. उघड्या बॅरलमध्ये दिवसभर ठेवलं तर बऱ्यापैकी उडून जातं, घाई असेल तर दुकानात अँटी क्लोरीन म्हणून जे खडे मिळतात ते घाला, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट. नारळाच्या करवंटीपासून केलेला अॅक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरमध्ये घातला तर वास ओढून घेतो, पण अमोनियाला तो हात लावत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत भरून जातो, मग नुसता स्पंजसारखाच उरतो.

दुकानात "सकर घ्या, टँक साफ ठेवतो" असं सांगतात. हा मासा शेवाळ खातो हे खरं, पण खातो तसा हगतोही भरपूर, आणि फूटभर वाढतो. मग लोक त्याला घटप्रभेत नाहीतर किल्ला तलावात सोडून येतात, ते कृपा करून करू नका, दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या नद्या-तळ्यांत पसरून इथल्या माशांच्या मुळावर आलाय. त्यापेक्षा व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला लावा, दोन्ही आपल्याकडच्या पाण्यात आपोआप वाढणाऱ्या वनस्पती. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एका भांड्यात ठेवले होते, पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजलेलं खाल्लं आणि पाणी निवळलं. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढून घेतात. आणि टँकमधून काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, नायट्रेटचं पाणी आहे ते, गुलाबाला, तुळशीला घाला.

राहिला करंटचा प्रश्न. ३० अंशाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, बेळगाव साडेसातशे मीटरवर असल्यामुळे आपल्याकडे सातच्या आसपास. करंट गेला की फिल्टर बंद, बंद डब्याच्या फिल्टरमधले बॅक्टेरिया काही तासांत गुदमरायला लागतात, आणि करंट आल्यावर तेच नासलेलं पाणी टँकमध्ये येतं. म्हणून बराच वेळ करंट नसेल तर चालू करायच्या आधी फिल्टरमधलं पाणी काढून टाका, तेवढ्या वेळात खाद्य घालू नका, आणि मग्याने पाणी उचलून वरून परत टँकमध्ये ओतत रहा. पावसाळ्यात झाडं पडून तासन् तास करंट जातो, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर मे महिन्यातच आणून ठेवा.