सिगारेट गेटबाहेर गेली की काय बदलतं?

अकराचं लेक्चर सुटलं की कॉलेजच्या गेटाशेजारच्या टपरीवर पाच-सहा मुलं जमतात. चहाचे ग्लास हातात येतात. एकजण सुट्टी सिगारेट घेतो, खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरवर पेटवतो आणि दोन झुरके घेऊन शेजारच्या मित्रापुढे धरतो. मित्राने ती मागितलेली नसते, पण तो घेतो. "तू ओढतोस का रे?" असं त्याला विचारा. तो अगदी खरेपणाने सांगेल, "नाही सर, कधीतरी, ग्रुपमध्ये असलो तरच."

धूरमुक्त कॅम्पसचा, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या आवारात धूम्रपानबंदीचा, विषय निघाला की मला पाकीटभर ओढणाऱ्यापेक्षा हा दुसरा मुलगा आठवतो. धोरणाचा खरा परिणाम होतो तो त्याच्यावर.

या धोरणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. वर्गात, ग्रंथालयात बंदी ठीक, पण उघड्या मैदानावर ओढलेल्या सिगारेटचा दुसऱ्याला कितीसा त्रास? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये हेच मोजून पाहिलं. ओढणाऱ्याच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या दिशेला बसलं तर धुराचे कण बंद खोलीइतके दाट असू शकतात. पण एका सिगारेटपासून दोन मीटर लांब गेलं की ते प्रमाण जवळजवळ आसपासच्या हवेइतकं होतं. म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यापर्यंत तो धूर फारसा पोचत नाही. दृश्य मात्र पोचतं, आणि मला मैदानावरच्या बंदीचं खरं कारण तेच वाटतं.

झुरक्यातलं निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून 10 ते 20 सेकंदांत मेंदूत जातं. तिथे डोपामाइन हे सुखाची जाणीव देणारं रसायन स्रवतं आणि मेंदू एक नोंद करतो: हे बरं वाटलं, पुन्हा कर. पण ही नोंद एकट्या निकोटीनची नसते. त्या क्षणी जे जे आजूबाजूला होतं ते सगळं तिच्यात गुंफलं जातं: चहाचा वास, पायरीवरची बसायची जागा, लायटरचा आवाज, ठरावीक चार चेहरे. पुढे नुसती ती पायरी दिसली तरी हात खिशाकडे जातो. रोज दहा-पंधरा ओढणाऱ्याला जागेची गरज उरत नाही. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि शरीरच पुढची सिगारेट मागायला लागतं. पण 'कधीतरी' ओढणाऱ्याच्या बाबतीत मागणी शरीराची कमी आणि त्या जागेची, त्या सोबतीची जास्त असते. जागाच मोडली तर त्याची बरीचशी सवय मुळाशीच सुटते.

शिवाय हे वय. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, 2012 च्या अहवालात नोंद आहे, की रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी 88 टक्के लोकांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली होती आणि 99 टक्के लोकांनी सव्विसाव्या वर्षापर्यंत. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. कॉलेजची वर्षं नेमकी याच पट्ट्यात येतात.

आता पुरावा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दोन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत, इंडियाना आणि पर्ड्यू. पैकी इंडियाना विद्यापीठाने जानेवारी 2008 पासून आपला सगळा परिसर धूरमुक्त केला. पर्ड्यूत तेव्हा असं सरसकट धोरण नव्हतं. 2007 आणि 2009 मध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. इंडियानात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 16.5 टक्क्यांवरून 12.8 वर आलं, पर्ड्यूत ते 9.5 वरून 10.1 झालं. आपल्यातले किती जण ओढतात याबद्दलचा विद्यार्थ्यांचा अंदाजही इंडियानात बदलला. माझ्या मते यातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. पायरीवर ओढणारे चौघे येता-जाता शेकडो जणांना दिसतात. न ओढणारे शेकडो मात्र 'न ओढणारे' म्हणून कुणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत. त्यामुळे 'सगळेच ओढतात' हा समज पक्का होतो आणि नवखा त्या समजाला शरण जातो.

हे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. विद्यापीठं दोनच, उत्तरं विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेली, आणि मुळातच इंडियानातलं प्रमाण जास्त होतं. उंचावर असलेला आकडा काही न करताही थोडा खाली सरकू शकतो. म्हणून मला त्याच्या जोडीला दुसरी पाहणी महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात कुणाला काही विचारलेलंच नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या 19 कॉलेजांमध्ये इमारतींच्या दारांशी पडलेली थोटकं वेचून मोजली गेली. पूर्ण तंबाखूमुक्त परिसर असलेल्या कॉलेजांत ती काहीच धोरण नसलेल्या कॉलेजांपेक्षा 77 टक्क्यांनी कमी भरली. त्यातली काही सिगारेट कुंपणाबाहेर ओढली गेली असणार, हे खरं. पण दारातलं दृश्य बदललं, एवढं तरी नक्की.

आणि कुंपणाबाहेरचं काय? आपल्याकडे 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात शैक्षणिक संस्था सार्वजनिक जागा धरल्या आहेत. तिथे धूम्रपान केल्यास 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनुसार 200 रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याने संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत, तंबाखूची विक्रीच बंद केली आहे. हे अंतर कुंपणापासून मोजायचं असतं. इतकं चालत जाऊन परत यायला मिनिटं तीनच लागतात, पण दहा मिनिटांच्या सुट्टीत ती जाणवतात, आणि चहाबरोबर आपोआप हातात येणारी सिगारेट मुद्दाम उठून आणावी लागते. टपरी गेटाला चिकटलेली असेल तर आतल्या पाटीने जे साधलं ते बाहेर लगेच विरतं. म्हणून कॉलेज प्रशासनाने पाटी रंगवण्याआधी 91 मीटर मोजायला बाहेर पडावं, असं मी अगदी आग्रहाने म्हणेन.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 3.8 टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे. तळहातावर चुना-तंबाखू मळून गालात ठेवणाऱ्याचा धूर कुणालाच दिसत नाही. इथे 'धूरमुक्त' हा शब्द अपुरा आहे, 'तंबाखूमुक्त'च हवं.

आणि त्या दुसऱ्या मुलाला सोडायची असेल तर? 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. 2018 पासून हा नंबर तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे, आणि पाकिटाच्या पुढच्या-मागच्या बाजूंचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या विक्रीवर बंदी आणली, तीमागे हेही एक कारण आहे. सुट्टी घेणाऱ्याच्या हातात एकच कांडी येते. इशाऱ्याचं चित्र आणि तो नंबर पाकिटासोबत टपरीच्या फळीवरच राहतात.